फितूर म्हणून छापलेल्या माणसाच्या गावी

परभणीला कुणी फिरायला जातं का, असं मला जाण्याआधी सात जणांनी विचारलं आणि परत आल्यावर नऊ जणांनी. आमच्या घरी तर सरळ झाडाझडतीच झाली. "गुडघे धड नाहीत, बी.पी.ची गोळी रोज मी हातावर ठेवते तेव्हा घेता, आणि निघालात मराठवाड्यात. काय पुरून ठेवलंय तिथं?" बायको म्हणाली. मी म्हणालो, "तेच उकरायला चाललोय." खरं सांगायचं तर मी फिरायला गेलोच नव्हतो. जिंतूर तालुक्यातल्या एका माणसाला मी पन्नासएक वर्षांपूर्वी फितूर म्हणून छापलं होतं. तो अजून जिवंत आहे असं कळलं, म्हणून त्याची माफी मागायला गेलो. तो माफ करेल की दारातून हाकलून देईल, ते काही ठाऊक नव्हतं.

थोडं मागचं सांगतो. मी तेव्हा बावीस वर्षांचा, मुंबईत एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. वस्तीतल्या आम्ही काही पोरांनी मिळून एक संघटना काढली होती. रोज कुठल्या ना कुठल्या गावातून बातमी यायची, कुणाला मारलं, कुणाची झोपडी जाळली, आणि आमचे पुढारी निवेदनं देत बसायचे. आमचं डोकं भणभणायचं. त्या दिवसांत एका रद्दीवाल्याकडे मला इंग्रजीतली एक चोपडी सापडली. अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी एक लढाऊ संघटना काढली होती, तिची हकिगत होती ती. काळे कोट, तिरप्या काळ्या टोप्या, एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात कायद्याचं पुस्तक. पोलिसांची गाडी वस्तीत शिरली की ही पोरं तिच्या मागोमाग जायची आणि पोलिसांना त्यांचाच कायदा मोठ्यानं वाचून दाखवायची. काय सांगू, अंगावर काटा आला! ही आपलीच भावंडं, फक्त समुद्रापलीकडं जन्मली, असं वाटलं. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तिचा अनुवाद केला आणि आमच्या पाक्षिकात क्रमशः छापला. संपादक मीच. दुसऱ्या कुणाला ऱ्हस्व-दीर्घ यायचं नाही, म्हणून.

सगळी चोपडी मात्र मी छापली नाही. शेवटची अकरा पानं गाळली. ही मंडळी रोज सकाळी शाळेत जाणाऱ्या पोरांना न्याहारी घालायची, त्याचं वर्णन होतं त्यांत. अंडी कुठून आणायची, पाव कोण भाजतं, भांडी कोण घासतं. मला वाटलं, हे काय बायकी! क्रांतीत अंडी कशाला? बंदुकीची पानं ठेवली, अंड्यांची टाकली.

आमचं पाक्षिक जायचं थेट मराठवाड्यात. जिंतूर तालुक्यातल्या एका गावात धोंडिराम नावाच्या तरुणानं शाखा काढली. गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि माणसांची नावंही बदललीत. एकदा नावं छापली, तेवढं पुरे. शाखेनं शपथ घेतली: गावकीची कामं बंद, मेलेलं ढोर ओढायचं नाही, सणाला गावापुढं हलगी वाजवायची नाही. गावानं वस्तीवर बहिष्कार टाकला. मजुरी बंद, दुकान बंद, पिठाची गिरणी बंद. आणि ऐन बहिष्कारात, पोळ्याच्या दिवशी, धोंडिरामच्या सख्ख्या थोरल्या भावानं, कोंडिबानं, बैलांपुढं हलगी वाजवली. त्याबदल्यात गावानं गिरणी उघडली, ती त्याच्या एकट्यासाठी.

धोंडिरामचं पत्र आलं. "माझ्या भावानं शपथ मोडली. काय करायचं ते संघटनेनं सांगावं." मी गावी गेलो नाही. कुणाला विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशी उचलली लेखणी आणि काळ्या चौकटीत छापलं: कोंडिबा फितूर आहे, त्याच्याशी बोलणं-चालणं, रोटी-पाणी बंद. बहिष्कारावर आम्हाला सुचून सुचून काय सुचलं, तर बहिष्कारच.

आता म्हातारपणी मी संघटनेचा इतिहास लिहायला घेतला. त्यात या शाखेवर एकच वाक्य होतं, "ही शाखा फितुरीमुळे मोडली." हस्तलिखित वाचायला परभणीच्या माणिकरावांकडं पाठवलं. माणिकराव हे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर आणि आमचे जुने कार्यकर्ते. त्यांचा फोन आला. "संपादक, ते वाक्य छापू नका. कोंडिबानं त्या पिठाचं काय केलं, ते तुमी कधी इचारलं का?" मी म्हणालो, नाही. "मग या इकडं. माणूस अजून हाय."

फोन ठेवल्यावर मी कपाटातून ती चोपडी काढली आणि न छापलेली अकरा पानं पहिल्यांदा नीट वाचली. मग तीन दिवस बसून त्यांचा अनुवाद केला.

परभणी

गाडीतून उतरलो तर थंडी अशी की मुंबईचा माणूस क्षणात शहाणा व्हावा. माणिकराव कानाला मफलर बांधून स्टेशनाबाहेर स्कूटरवर बसले होते. पंचवीस वर्षांनी भेट, आणि पहिलं वाक्य काय? "लय म्हातारे झालाव की वो संपादक! बसा मागं, धरून बसा." मी म्हणालो, तुम्ही कुठं तरुण राहिलात? ते म्हणाले, "बनी तो बनी, नाही तर परभणी. आमचं काय, आमी हाय तिथंच हाय."

या माणसानं त्या काळात आमच्या पाक्षिकाचे गठ्ठे कंडक्टरच्या सीटखाली ठेवून गावोगाव पोचवले. कुणी विचारलं तर सरकारी टपाल म्हणायचं. नोकरी संपून एवढी वर्षं झाली, पण सवय जात नाही. चौकात समोर गर्दी दिसली की स्कूटरवरून आपोआप ओरडतात, "पुढं सरका, पुढं सरका!" लोक सरकतातही.

घरी त्यांच्या सुनेनं सुशीला केली होती. चुरमुरे भिजवायचे, पिळायचे आणि कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, वर दाण्याचं कूट. आमच्याकडं चुरमुरे म्हणजे भेळेत नाही तर चिवड्यात. ते असे गरम गरम ताटलीत येतात हे मला या वयात कळलं. दुसऱ्यांदा मागून घेतली. माणिकराव हसत होते. "पोट सांभाळा, उद्या खेड्यात जायाचंय. तिथं ठेचा हाय."

दुपारी ते मला शहर दाखवत हिंडले. कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावरून, बाजारातून. त्यांचा एक ओळखीचा बागवान म्हणाला, "मेहमान आये क्या?" आणि दोन पेरू हातावर ठेवले, नको म्हणायची सोय नाही. मी चालत होतो, पण डोक्यात एकच. शेवटी विचारलंच, "माणिकराव, कोंडिबा मला काय म्हणेल?"

"ते त्याला इचारा. मी सांगून काय फायदा? तुमच्यात तीच तर खोड हाय, ज्याचं त्याला न इचारायची."

मी एक पेरू त्यांच्या हातावर ठेवला आणि दुसरा खायला घेतला.

जिंतूर

सकाळची एस.टी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया, कमरेच्या ओटीत कापूस भरून फुगलेल्या. बाभळीच्या काट्यांना ट्रकमधून उडालेले कापसाचे पुंजके अडकलेले. तूर अजून उभी होती. माणिकरावांना खिडकीजवळ बसवत नव्हतं. ते कंडक्टरच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याला तिकिटं कशी फाडावीत हे शिकवू लागले. आता मशीनमधून निघतात, फाडायची नसतात, हे त्या बिचाऱ्यानं दोनदा सांगून पाहिलं.

जिंतूरच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते म्हणाले, म्हणून मी उतरलो. वय झालं की माणसाला उतरावंच लागतं. परत येतो तो गाडी फाटकातून बाहेर पडतेय! माझी पिशवी आत, पिशवीत ती अकरा पानं. "अहो! अहो थांबा!" म्हणत मी धावलो, धावलो म्हणजे काय, लंगडत निघालो. आतून माणिकरावांनी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी मारली की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला. चढलो तेव्हा सगळी गाडी हसत होती. एक म्हातारी म्हणाली, "बाबा, म्हातारपणी एवढी घाई बरी न्हाई." मी पिशवी मांडीवर घेतली ती पुढं सोडली नाही.

गाडीत त्या म्हातारीनं विचारलं, कुठं चाललाव? मी गावाचं नाव सांगितलं. कुणाकडं? कोंडिबाकडं. ती म्हणाली, "हलगीवाला कोंडिबा का?" पन्नास वर्षं! त्यानं त्यानंतर हलगीला हात लावला नाही असं माणिकराव सांगतात. पण लावला होता एकदा, आणि तो मी छापला होता. मला त्या बाईच्या डोळ्यांत बघवेना.

चारठाणा

पुढच्या वाहनाला दोन तास होते. काळ्या दगडाची जुनी देवळं बघत हिंडलो. काय नक्षी, काय खांब! एकेका कोपऱ्यात शेळ्या सावलीला बसलेल्या, कुणी त्यांना हुसकत नाही. एक खांब बघताना मान मागं टाकून टाकून दुखली. मुंबईत असं काही असतं तर कुंपण घातलं असतं, तिकीट लावलं असतं. इथं गावाचं पोर जसं अंगणात, तशी ही देवळं गावात.

पायरीवर बसून माणिकरावांच्या सुनेनं बांधून दिलेली भाकरी सोडली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तो ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. माणिकराव शांतपणे खात म्हणाले, "रडून घ्या आत्ताच, तिकडं गेल्यावर बोलायचंय." मी पाण्याची बाटली संपवली.

तिथं बसल्या बसल्या मी त्यांना त्या अमेरिकेतल्या संघटनेचं पुढं काय झालं ते सांगितलं. फुटली. सरकारी माणसं एकाच्या नावानं दुसऱ्याला खोटी पत्रं लिहायची. याला वाटायचं तो फितूर, त्याला वाटायचं हा. मग त्यांच्याच पेपरात एकमेकांची हकालपट्टी छापून यायची. लहानपणापासूनचे मित्र एकमेकांच्या जिवावर उठले. सकाळची न्याहारी बऱ्याच ठिकाणी बंद पडली.

"अन् आपल्याकडं?" माणिकरावांनी विचारलं.

"आपल्याकडं सरकारला टपालखर्चही पडला नाही. आपलं आपणच केलं."

"आपण नका म्हणू," ते म्हणाले. "मी गठ्ठे वाहिले हे खरं. तो गठ्ठा बी मीच नेला, हे बी खरं. पण लिवलं तुमी."

मला राग आला. आला म्हणजे आलाच, खोटं कशाला बोलू? एवढ्या लांब आलो, माफी मागायला आलो, तरी हा माणूस टोचतोच आहे. पाचेक मिनिटं मी तोंड फिरवून बसलो. मग माझं मलाच हसू आलं. माफी मागायला निघालेला माणूस आणि वाटेतच रुसून बसलेला!

गाव

कोंडिबाचं घर वस्तीच्या टोकाला. दोन घरं पाठीला पाठ लावून, मधे पुरुषभर उंचीची भिंत. अंगणात तो बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. अठ्ठ्याहत्तरचा असेल, पण पाठ ताठ. माणिकरावांनी जयभीम घातला आणि म्हणाले, "मुंबईचे संपादक आल्यात."

त्यानं मान वर करून मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "पेपरात फोटू यायचा तुमचा. केस लय व्हते तवा."

"गेले," मी म्हणालो.

"बसा की. चहा घ्या." आणि शेंगांचं सूप माझ्याकडं सरकवलं. हाकललं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे कठीण निघालं.

मी पाठ करून आलो होतो ते म्हणू लागलो. "कोंडिबा, मी तुमच्याबद्दल न विचारता लिहिलं. तुमचा नाइलाज होता हे मला..."

"नाइलाज?" त्यानं शेंग खाली ठेवली. "कुणी सांगितलं? मी इचार करून वाजवली. पोळ्याला वाजवली, पाटलाच्या बैलापुढं वाजवली. तीन फेऱ्या वाजवली. तुमच्या पुस्तकात नाइलाज बिलाज लिवू नका."

"मग का वाजवलीत?"

"वस्तीतली लेकरं उपाशी निजायली व्हती. सकाळी शाळंत जाऊन घेरी येऊन पडायली व्हती. घरात ज्वारी हाय अन् दळण न्हाई. जातं किती फिरवणार, अन् जाती तरी किती व्हती? कुणीतरी एकानं इज्जत सोडली तर गिरणी फिरती. म्हणलं, आपली सोडू. धोंडूची नको, तो पुढारी हाय."

मग त्यानं पिठाचं सांगितलं. गावाची अट होती, दळण फक्त त्याच्या घरचं. म्हणून वस्तीतल्या घराघरातली ज्वारी अंधार पडल्यावर त्याच्या घरी यायची आणि त्याची म्हणून दळली जायची. त्याची बायको चंद्रभागा पहाटे उठून टोपलीभर भाकरी थापायची. पण हलगीचं पीठ म्हटल्यावर धोंडिराम शिवू देणार नाही, पोरांच्या तोंडचा घास काढून घेईल. शपथेचा पक्का. म्हणून टोपली परसातून धोंडिरामच्या बायकोकडं, गिरजाबाईकडं जायची, आणि गिरजाबाई सगळ्या वस्तीच्या पोरांना बोलावून भाकरी वाटायची. माझ्या माहेरानं दाणे धाडलेत, असं नवऱ्याला सांगून. बहिष्कार उठेपर्यंत, रोज सकाळी.

"धोंडूला पुढं सावकाशीनं सांगीन म्हणलं व्हतं. तर तुमचा पेपर आला. पेपर आला तसा तो माझ्या सावलीला बी उभा ऱ्हाईना. ही भिंत त्यानंच घातली." कोंडिबानं भिंतीकडं पाहिलंही नाही. "चाळीस वर्षं माझ्याशी बोलला न्हाई. मेला तवा मी तिरडीमागं चाललो. खांद्याला नको असं कुणी म्हणलं न्हाई, ये असं बी कुणी म्हणलं न्हाई. पण मी त्याच्यावर कधी राग धरला न्हाई, बरं का. बिचाऱ्याला म्हायतीच न्हवतं. म्हायती असतं तर माझा धोंडू माझ्याशी बोलला असता."

हे शेवटचं वाक्य त्यानं इतक्या सहज म्हटलं की ते हजारदा म्हणून झालेलं असणार.

मी पिशवीतून पानं काढली. म्हणालो, "थोडं वाचून दाखवतो. अमेरिकेतल्या त्या लोकांचं आहे, ज्यांची हकिगत आपल्या पेपरात यायची." आणि वाचलं. सकाळची न्याहारी, पोरांची रांग, भांडी घासणारे टोपीवाले तरुण. तो ऐकत होता, मधूनच हसला.

"बाप्ये भांडी घासायचे?"

"घासायचे."

"बंदुकीवाले?"

"तेच."

"अन् त्यांच्यात कुणी त्यास्नी फितूर म्हणलं न्हाई?"

"न्याहारीपायी नाही. त्या कामाचा त्यांना अभिमान होता. हीच खरी लढाई, असं लिहिलंय इथं."

त्यानं माझ्या हातातली पानं बोटांनी चाचपली. मग विचारलं, "हे आत्ता लिवलंय का?"

"नाही. त्याच चोपडीतलं आहे. तेव्हाचंच."

"म्हंजी तवा तुमच्यापाशी व्हतं हे?"

खोटं बोलायला जागा होती. हे पुढं कधीतरी मिळालं, असं म्हटलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? माणिकराव जमिनीकडं बघत होते.

"होतं," मी म्हणालो. "मी गाळलं. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही."

"बरं," कोंडिबा म्हणाला आणि पुन्हा शेंगा फोडू लागला. दोन-चार शेंगा फोडल्यावर म्हणाला, "चंद्रभागा पायजे व्हती ऐकायला. लय हसली असती. मरूस्तवर म्हणायची, आपलं चुकलं तर न्हाई ना वो?"

मला रडू आलं. आवरलं नाही मी ते. कोंडिबानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मी म्हणालो, "माफ करा मला." तो म्हणाला, "मला सांगून काय उपेग? मी काय केलं ते मला ठाव हाय. तिकडं जा, भिंतीपल्याड. गिरजाला सांगा, धोंडूच्या फोटूपुढं सांगा. छापलं व्हतं तुमी, तर तुमीच जाऊन पुसा." वरातीमागून घोडं ते हेच. पण निदान कुठं न्यायचं ते तरी कळलं.

भिंतीपलीकडं

वळसा घालून गेलो. एकटाच, माणिकराव कोंडिबापाशी थांबले. गिरजाबाई चष्मा लावून उंबऱ्यात गहू निवडत बसल्या होत्या. आत भिंतीवर धोंडिरामचा फोटो, हार घातलेला. मी कोण ते सांगितलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"थोरल्या भाऊजींनी धाडलं का?"

"हो."

"बोला."

मी बोललो. कोंडिबानं हलगी का वाजवली, भाकऱ्या कुणाच्या होत्या, मी न विचारता काय छापलं, आणि ते किती खोटं होतं. फोटोकडं बघून बोललो. बाई गहू निवडत राहिल्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "हे मला काय सांगायलाव? टोपली मीच घ्यायची की."

"तुम्हाला माहीत आहे हो. पण धोंडिरामांना कळायला हवं होतं. ते कळल्याशिवायच गेले."

"कोण म्हणलं?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"त्यास्नी ठाव व्हतं," गिरजाबाई म्हणाल्या. "पहिल्या दिसापासनं. माझी भाकर पातळ, जावंची जाड. धनी काय आंधळं व्हतं? अन् माझं म्हायेर कुठनं दाणे धाडतंय, तिथंच खायाचे वांदे. त्यांनी भाकर हातात घेतली अन् म्हणलं, ही वहिनीची हाय. मी घाबरले. तर चुलीपुढं बसले अन् खाल्ली. रडत खाल्ली. म्हणले, मी तिकडं उगंच पत्र धाडलं दादाचं. आता उत्तर येऊ दे, मग दादाशी बोलतो."

"आणि उत्तर..."

"तुमचा पेपर आला." त्यांनी एक खडा काढून बाहेर टाकला. "मी म्हणलं, घाला चुलीत. तर म्हणले, गिरजे, ती शिकलेली माणसं हायती. दुनियेचं वाचत्यात. त्यांनी इचार करून छापलं असंल. आपल्या पोटाला भाकर लागली म्हणून आपल्याला ती बरी वाटायली. चुकत असंल तर आपलंच चुकत असंल."

मी उभाच होतो. बसा म्हणायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, की आलं होतं, कुणास ठाऊक.

"तुमी लोकच सांगायचा ना, शिका, वाचा," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "त्यांनी वाचलं."

"तुम्ही हे कोंडिबांना कधी सांगितलं नाही?"

"कसं सांगू? 'माझ्या भावाला म्हायती न्हवतं' असं म्हणत म्हणत तर भाऊजी जगायलेत. आता तुमी हायेत, बघा काय सांगायचं ते." आणि त्यांनी सूप झटकलं.

त्या घरापासून या घरापर्यंत मोजून साठ-सत्तर पावलं. मी वळसा घालून नाही, चक्क वस्तीला पूर्ण चक्कर मारून आलो. एका घरापुढं लग्नाचा मांडव घालायला लागले होते, त्यांनी चहाला थांबा म्हटलं, मी हात जोडले. काय सांगायचं? बाई खूश झाल्या, त्यांना पटलं, असं म्हणून एस.टी. गाठता आली असती. त्या म्हाताऱ्याचं एकच सुख उरलं होतं, आणि ते मोडायचं की ठेवायचं हे ठरवायला त्या बाईनं मला निवडलं होतं. मी आधीही एकदा त्याच्या वतीनं ठरवलं होतं, काय सांगायचं आणि काय गाळायचं.

कोंडिबा तिथंच बसलेला. शेंगा संपल्या होत्या, टरफलांचा ढीग पायापाशी.

"काय म्हणली?"

मी त्याच्यासमोर खाली, जमिनीवर बसलो, गुडघ्यांची पर्वा न करता. आणि सांगितलं. जाड भाकर, पातळ भाकर, चुलीपुढं बसून खाल्लेली, तिथपर्यंत सगळं. माणिकरावांनी एकदा हात वर केला, मला थांबवायला असेल, मग खाली घेतला.

"म्हंजी धोंडूला ठाव व्हतं," कोंडिबा म्हणाला.

"हो."

"खाल्ली त्यानं?"

"खाल्ली."

त्याचा चेहरा क्षणभर उजळला, खरोखर उजळला, लहान भावानं आपल्या हातचं खाल्लं म्हणून. मग हळूहळू पुढचं त्याच्या ध्यानात येत गेलं, ते मला समोर बसून बघावं लागलं. बाजेची कड त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मंग बोलला का न्हाई?" त्यानं विचारलं. "ठाव व्हतं, तर चाळीस वर्षं बोलला का न्हाई माझा धोंडू?"

"त्याचा माझ्यावर विश्वास होता," मी म्हणालो.